आधीच केलेल्या खुणा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कारध्याला पुलापाशी वैनगंगेची पातळी मोजली जाते. पावसाळ्यात भंडाऱ्याकडच्या माणसांना एक आकडा पाठ असतो, २४५.५० मीटर. ही धोक्याची पातळी. पाणी तिच्यावर गेलं, की बातम्यांत "कारध्याजवळ वैनगंगेने धोक्याची पातळी ओलांडली" हे वाक्य ठरलेलं. वाक्य साधं आहे. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. पाणी नदीचं आहे. 'धोका' हा शब्द मात्र माणसाने त्या पाण्यावर केलेली खूण आहे. कोणीतरी, कधीतरी विचार करून ती रेघ ठरवली. ती फार उपयोगाची आहे, तिच्यामुळे जीव वाचतात. पण ज्याचं घर खोलगट भागात आहे त्याचा धोका त्या रेघेच्या आधीच सुरू होतो, आणि उंचावर राहणाऱ्यासाठी रेघ ओलांडली तरी ती एक बातमीच असते.

मला आज बोलायचं आहे ते अशाच खुणांबद्दल. पाण्यावरच्या नाही, माणसांच्या बोलण्यावरच्या. लोकांनी सांगितलेल्या हकिकतींवर कोणीतरी आधीच खुणा करून ठेवल्या असतील, तर असे कागद संगणकात नेताना त्या खुणांचं काय करायचं? विषय रुक्ष वाटेल. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकाचा पंडित नव्हे. पण या प्रश्नाशी माझी गाठ पडली, आणि तो वाटतो तितका कोरडा नाही हे लक्षात आलं.

झालं असं. २०२० च्या ऑगस्टअखेर आमच्या भागात मोठा पूर आला. मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात संजय सरोवर आहे, तिथून पाणी सोडलं गेलं, आणि भंडारा शहरासह नदीकाठची गावं पाण्याखाली गेली. पुढे एक विद्यार्थिनी आपल्या अभ्यासासाठी नदीकाठच्या बायामाणसांच्या आठवणी गोळा करू लागली. तिच्या आधी हेच काम दुसऱ्या एका मुलीने सुरू केलं होतं. तिचं लग्न झालं, ती गेली, वह्या मागे राहिल्या. या वह्यांमध्ये झाडीबोलीतले शब्द होते, ते समजून घ्यायला ही मुलगी माझ्याकडे आली. मी वह्या उघडल्या तर जागोजागी पेन्सिलीच्या रेघा. तांबड्या, हिरव्या, निळ्या. समासात बारीक अक्षरांत शब्द. "काका, हे सगळं आता सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं आहे," ती म्हणाली, "पण या रेघांचं काय करू?"

एका जाणकाराने तिला सल्ला दिला होता: रेघा सोडून दे, नुसता मजकूर टाइप कर, बाकी यंत्र बघून घेईल. माझं आजचं सगळं बोलणं या सल्ल्याच्या विरोधात आहे.

आधी हे सॉफ्टवेअर म्हणजे काय ते सांगतो. किती घरं पडली, किती एकर धान गेलं, हे मोजायला आकडे लागतात. पण माणसं काय म्हणाली, कशाला घाबरली, कोणावर रागावली, हे आकड्यांत मावत नाही. अशा बोलण्याचा अभ्यास करणारे लोक मजकूर पुन्हा पुन्हा वाचतात आणि त्यातल्या वाक्यांना नावं देतात. 'भीती'. 'शेजाऱ्यांची मदत'. 'गुरं वाचवणं'. या नावांना ते कोड म्हणतात. पूर्वी हे काम कात्री, डिंक आणि कार्डं घेऊन चालायचं. मग ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठात लिन आणि टॉम रिचर्ड्‌स या दांपत्याने १९८१ मध्ये त्यासाठी संगणकाचा कार्यक्रम लिहायला घेतला. आजचं एनव्हिवो हे त्याच घराण्यातलं. जर्मनीत १९८९ च्या सुमारास बर्लिनमध्ये ॲटलास-टीआय आणि मॅक्सक्यूडीए यांची सुरुवात झाली. आता क्वालकोडर, टॅगेट अशी फुकट मिळणारी साधनंही आहेत. या सगळ्यांचं काम मुळात एकच. मजकुराचा तुकडा निवडा, त्याला नाव द्या. मग 'भीती' म्हटलं की सगळ्या गावांतले भीतीचे तुकडे एका जागी समोर येतात. आणि प्रत्येक तुकड्यावरून मूळ हकिकतीकडे परत जाता येतं.

आता आधीच खुणा केलेला कागद आत न्यायचा तर त्याच्या साधारण तीन वाटा आहेत. पहिली वाट मथळ्यांची. मजकुरात प्रश्नांना किंवा विषयांना मथळे दिलेले असतील, आणि ते टाइप करताना मथळ्याच्या शैलीत घातले असतील, तर काही सॉफ्टवेअर प्रत्येक मथळ्याखालचा मजकूर आपण होऊन त्या नावाच्या कोडखाली घेतात. दुसरी वाट तक्त्याची. प्रत्येक ओळीत एक बोलणं, एका रकान्यात गाव, दुसऱ्यात बोलणाऱ्याचं वय, तिसऱ्यात मूळ शब्द, चौथ्यात कोड. तिसरी वाट मजकुरातच खुणा पेरण्याची. जिथून कोड सुरू होतो तिथे ठरलेलं चिन्ह, जिथे संपतो तिथे दुसरं. मॅक्सक्यूडीएमध्ये अशी सोय आहे. आणि काम एका सॉफ्टवेअरमध्ये झालं असेल तर ते दुसऱ्यात नेण्यासाठी २०१९ पासून एक सामाईक मांडणीही आहे, तिला रेफी-क्यूडीए म्हणतात. मजकूर, कोड आणि कोणता कोड कोणत्या तुकड्यावर, हे सगळं एका गठड्यात बांधून दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या हवाली करता येतं.

यात एक गफलत सर्रास होते. 'गाव: कारधा' आणि 'भीती' या दोन खुणा एकाच जातीच्या नाहीत. गाव, वय, शेती किती, या गोष्टी पूर्ण हकिकतीला लागू असतात. भीती ही त्या हकिकतीतल्या दोन वाक्यांपुरती असते. तिसऱ्या वाक्यात तीच बाई हसतही असेल. दोन्ही खुणा एकाच रकान्यात कोंबल्या, तर बाई अथपासून इतिपर्यंत घाबरलेली दिसते.

या कामाचं सगळ्यात मोठं मराठी उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं आहे. गी पॉइटवाँ हे समाजशास्त्रज्ञ आणि त्यांच्या पत्नी हेमा राईरकर यांनी पुण्यातल्या आपल्या संस्थेमार्फत, गावोगावच्या बायांना सोबत घेऊन, या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. १,१०० हून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बाया, आणि एक लाख दहा हजारांच्या घरात ओव्या. पुढे बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे अभ्यासक आले, ध्वनिमुद्रणं झाली. २०१७ पासून या ओव्या पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियावर टप्प्याटप्प्याने लोकांसमोर येत आहेत.

एक लाख ओव्यांचा ढीग. त्यात सीता कुठे, भाऊ कुठे, सासर कुठे, बाबासाहेब आंबेडकर कुठे, हे सापडणार कसं? म्हणून प्रत्येक ओवीला वर्गीकरणाच्या झाडावर एक फांदी दिलेली आहे. आधी एक इंग्रजी अक्षर, मग रोमन आकडा, मग साधे आकडे, शेवटी पुन्हा एक बारीक अक्षर. आणि मौज अशी, की तोच पत्ता कंसात दुसऱ्या पद्धतीनेही दिलेला असतो. तिथे रोमन आकडा जाऊन साधा आकडा येतो, आणि एकच्या आधी शून्य बसतं. माणसाने बनवलेला पत्ता माणसाला कळतो. पण संगणक अक्षरवारीने लावायला बसला, की रोमन नऊ रोमन पाचच्या आधी येतो, आणि दहा दोनच्या आधी. ०१, ०२, १० असं लिहिलं की क्रम बिघडत नाही. मला यातली एक गोष्ट फार आवडली. यंत्राच्या सोयीचा पत्ता आला, पण माणसाचा जुना पत्ता पुसला गेला नाही. दोन्ही शेजारी शेजारी उभे आहेत.

दुसरी गोष्ट अशी. ओवीसोबत तिचा क्रमांक आहे, गाव आहे, गाणारीचं नाव आहे. म्हणजे वर्गीकरण कोणाला पटलं नाही, तरी ओवी कोणाच्या तोंडची हे हरवत नाही. आणि तिसरी, एका ओवीचा संबंध दुसऱ्या फांदीशीही असेल तर तसा उल्लेख जोडलेला आढळतो. जात्यावर बसलेली बाई सीतेचं नाव घेते तेव्हा ती सीतेबद्दल बोलत असते की स्वतःच्या सासराबद्दल? दोन्ही. मग तिला एकाच कप्प्यात कोंडायचं कशाला?

हे वाचताना मला आमच्याकडच्या हदीसच्या ग्रंथांची आठवण झाली. प्रेषितांच्या वचनांचे हे संग्रह अकराबाराशे वर्षांपूर्वीचे. प्रत्येक वचनाला दोन अंगं असतात. एक, प्रत्यक्ष मजकूर. त्याला मत्न म्हणतात. दुसरी सनद, म्हणजे हे वचन मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून, अशी ऐकणाऱ्यांची साखळी. साखळीशिवाय मजकुराला किंमत नाही. आता या वचनांची मांडणी करायची कशी? इमाम अहमद इब्न हंबल यांच्या संग्रहात ती सांगणाऱ्या माणसाप्रमाणे लावलेली आहेत. इमाम बुखारींनी विषयाप्रमाणे प्रकरणं पाडली. आणि एकच वचन दोनतीन विषयांना लागू पडतं असं दिसलं, तेव्हा ते दोनतीन ठिकाणी घातलं, कधी त्याचा लागू तेवढाच भाग घेतला. म्हणून त्यांच्या ग्रंथात पुनरावृत्ती धरली तर सात हजारांवर वचनं भरतात, आणि वगळली तर अडीच हजारांच्या आसपास. आजच्या भाषेत एका तुकड्याला अनेक कोड. फरक इतकाच, की प्रत्येक ठिकाणी साखळी सोबत आहे.

तेव्हा त्या मुलीला मी एवढंच म्हणालो, की बाई, तुझ्या वहीतल्या रेघांची सनद शोध. रेघ कोणी मारली, कधी मारली, कोणत्या अर्थाने मारली. तिने आधीच्या मुलीला फोन केला. तांबडी म्हणजे नुकसान, हिरवी म्हणजे मदत, हे अंदाजाने कळलंच होतं. निळीचा अर्थ मात्र कोणालाच लागत नव्हता. ती म्हणाली, "निळी रेघ म्हणजे हे मला नीट समजलेलं नाही, पुन्हा जाऊन विचारायचं आहे." श्रोतेहो, ही रेघ विषयाची नव्हती. ती शंकेची होती. पूर्ण वहीत सगळ्यात प्रामाणिक खूण तीच. नुसता मजकूर टाइप झाला असता, तर या शंका पुसल्या गेल्या असत्या, आणि न समजलेली वाक्यं समजल्यासारखी पुढे गेली असती.

मग तिने तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला: खूण कोणाची. जुन्या खुणा पहिल्या मुलीच्या नावाच्या वेगळ्या गटात, स्वतःच्या वेगळ्या. कोणी कोडला काय म्हटलं, त्याचा अर्थ काय धरला, हे एका कागदावर लिहिलं आणि तो कागदही संगणकात सोबत ठेवला. त्यामुळे एक नवल दिसलं. काही वाक्यांवर पहिलीने 'मदत' लिहिलं होतं, तिथे हिला 'उपकार' लिहावंसं वाटलं. शेजाऱ्याने धान्य दिलं ते वाक्य तेच. पण घेणारीच्या आवाजात थोडं ओझं होतं, ते एकीला ऐकू आलं आणि दुसरीला नाही. दोन्ही खुणा ठेवल्या म्हणून हा फरक दिसला, आणि अभ्यासाचं एक पूर्ण प्रकरण त्यातून उभं राहिलं.

आता थोडी आपल्या भाषेची अडचण. मराठीत वीसपंचवीस वर्षं लोकांनी श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलं. त्या फायली आजच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट घातल्या, तर पडद्यावर चिन्हांची खिचडी दिसते. त्या युनिकोडमध्ये बदलाव्या लागतात. बदलणारी साधनं आहेत. पण एक मेख आहे. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या मागे साठवली जाते. जोडाक्षरांचीही घडण वेगळी. त्यामुळे अक्षरांची मोजणी बदलते. आणि पुष्कळ सॉफ्टवेअर कोड कुठे आहे हे मोजणीनेच ध्यानात ठेवतात, अमुकाव्या अक्षरापासून तमुकाव्या अक्षरापर्यंत. मजकूर बदलला आणि मोजणी जुनीच राहिली, तर 'भीती'ची रेघ सरकत सरकत पुढच्या वाक्यावर जाते, आणि तिथे कदाचित बाई नातवाच्या बारशाचं सांगत असते. म्हणून आधी फॉन्ट बदलून घ्यावा, मजकूर डोळ्यांनी तपासावा, आणि मगच खुणा चढवाव्या. नाहीतर चिन्हं मजकुरातच पेरलेली असावीत, म्हणजे ओळ हलली तरी खूण तिच्यासोबत हलते.

दुसरी अडचण आमच्या बोलीची. झाडीबोलीत 'पाणी' नाही, 'पानी' आहे. 'डोळा' नाही, 'डोरा' आहे. यंत्राला सांगितलं की 'पाणी' हा शब्द जिथे जिथे येईल तिथे 'पूर' असा कोड लाव, तर आमच्या बायांच्या पुरात पाणीच सापडत नाही. यावर काही टाइप करणारे सोपा उपाय करतात: बोलणं 'शुद्ध' करून टाकतात. मग शोध बरोबर लागतो, पण बोलणारी बाई हरवते. त्यापेक्षा तिचा शब्द तिच्या बोलीतच ठेवावा, आणि प्रमाण रूप शेजारच्या रकान्यात द्यावं. जागा कमी नाही. संगणकात रकाने लागतील तेवढे मिळतात.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? एका अभ्यासाचा प्रश्न, चार पुस्तकांचा मामला. तसं नाही. कोड हा पोटाचा प्रश्न होऊ शकतो. पुरानंतर तलाठी, ग्रामसेवक पंचनामा करायला येतात. घराच्या नुकसानीचे रकाने आधीच छापलेले असतात: पूर्णतः नष्ट, अंशतः पडझड. अंशतः म्हणायचं तर किमान १५ टक्के पडझड लागते. त्या वहीत एका आजीचं बोलणं आहे. "भित उभी हाये जी. पन हात लावला का मातीच हाती येते." आता हे कोणत्या रकान्यात बसवणार? भिंत उभी आहे, म्हणजे पडझड नाही. पण त्या भिंतीखाली कोणी झोपणार नाही. पंचनामा करणाऱ्याचा दोष आहे असं मी म्हणत नाही. त्याला नियम पाळावा लागतो, गावं पुष्कळ आणि दिवस थोडे. पण उद्या कोणी नियम बदलायचा म्हटलं, तर त्याच्यापुढे काय असेल? नुसते रकाने असतील, तर त्यांना बदलायचं कारणच दिसणार नाही. आजीचं वाक्य आणि त्यावर केलेली खूण, दोन्ही एकत्र राहिली असतील, तर खूण कुठे तोकडी पडली ते दिसेल.

आणि आमच्या नदीकाठी हे नवीन नाही. गोसेखुर्दच्या धरणाचं भूमिपूजन १९८८ च्या एप्रिलमध्ये झालं. तेव्हापासून नदीकाठच्या माणसांवर कितीतरी खुणा झाल्या: बाधित, अंशतः बाधित, पुनर्वसित. या शब्दांवर कितीतरी घरांचं भवितव्य ठरलं. त्या शब्दांच्या शेजारी त्या माणसांचं स्वतःचं बोलणं किती ठिकाणी जपलं गेलं असेल?

आता थोडं माझं. मी कवी आहे, मुसलमान आहे, मराठीत लिहितो. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि तिन्ही मला प्रिय आहेत. काही वर्षांपूर्वी एका संग्रहात माझी एक कविता आली. कविता नदीवर होती. रात्री पाणी चढतं आणि माणूस उंबरठ्यावर बसून ते मोजतो, एवढंच तिच्यात होतं. अनुक्रमणिकेत ती 'अल्पसंख्याकांच्या वेदना' या मथळ्याखाली होती. म्हणजे वाचण्याआधी खूण झालेली होती, आणि ती कवितेवर नव्हती, माझ्या नावावर होती. मघाशी सांगितली ती गफलत हीच. पूर्ण कागदाची नोंद आणि एका ओळीचा अर्थ, दोन्ही एकाच रकान्यात. मी रागावलो नाही. मथळा देणाऱ्याला त्या नावाने काही सांगायचं असेल. पण त्या मथळ्याखाली कोणी दिलाय ते नाव असतं, आणि तीच कविता 'नदी' या मथळ्याखालीही सापडली असती, तर वाचणाऱ्याला निवड राहिली असती.

म्हणून ज्यांच्या घरात, महाविद्यालयात, संस्थेत अशा वह्या, कॅसेटी, रंगीत रेघांचे कागद पडून आहेत, त्यांना माझी विनंती आहे. संगणकात घालताना मूळ कागदाचा फोटो काढून ठेवा. बोलणाऱ्याच्या शब्दाला हात लावू नका. जुनी खूण पुसू नका, आणि तिला खरंही मानून बसू नका. ती कोणाची आहे ते लिहा. एका वाक्याला दोन खुणा लागत असतील तर दोन द्या. नव्या खुणा वेगळ्या रंगात करा. आणि हे सगळं केलं की पाचदहा ठिकाणी उघडून बघा, रेघ अजून त्याच वाक्यावर आहे ना. यंत्र भराभर काम करतं. पण रेघ सरकली हे त्याला कळत नाही. ते तपासायला वाचणारं माणूसच लागतं.

ती मुलगी आता वहीतल्या निळ्या रेघा घेऊन पुन्हा गावांत जाते आहे. काही आज्या भेटतात, काही भेटत नाहीत. जिथे भेट होते, तिथे ती विचारते, "आजी, तेव्हा तुम्ही असं म्हणाला होतात, म्हणजे काय?" आणि उत्तर तक्त्यात त्याच वाक्याशेजारी, नव्या तारखेने लिहून ठेवते.